प्रवासापुरती स्पॅनिश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



कार्यवाहांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा ह्याला व्याख्यान म्हणू नये अशी मी त्यांना विनंती केली होती. मी भाषातज्ज्ञ नाही. कला शाखेची साधी पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीतील एकतीस वर्षे एवढेच माझे भांडवल. गेल्या वर्षी पत्नीसह दोन आठवडे स्पेनमध्ये हिंडून आलो. निघण्यापूर्वी तीन महिने आम्ही दोघे रोज रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास त्या भाषेची चार-चार वाक्ये घोकत होतो. आपल्या मंडळातील पाच-सहा कुटुंबे येत्या उन्हाळ्यात त्या बाजूला जाण्याच्या बेतात आहेत असे समजते, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच हे भाषण तयार झाले आहे. रजा-प्रवास सवलत परदेशाला लागू नाही, हे येथे बसलेल्या सरकारी नोकरांना सांगायला नको. खर्च पदरचा आहे, तेव्हा तयारीही घरचीच असावी.

पहिला प्रश्न सर्वांचा एकच असतो : तेथे इंग्रजीवर भागत नाही काय? माद्रिदमधील मोठ्या हॉटेलात, विमानतळावर, संग्रहालयाच्या तिकीट-खिडकीवर भागते. परंतु प्रवासाचा दिवस काही एवढ्याच जागी जात नाही. सकाळची कॉफी गल्लीच्या टोकाशी असते, बस हाकणारा चालक असतो, फळवाला असतो, औषधाचे दुकान असते. आणि तेथे इंग्रजी मिळेल की नाही, हा नशिबाचा भाग. दुसरा प्रश्न तरुण मंडळी विचारतात : हातातला फोनच आता भाषांतर करतो, मग घोकंपट्टी कशाला? फोन उपयोगी आहे यात शंका नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, उपाहारगृहातील लांबलचक खाद्यपत्रिका, भाड्याच्या घराचे नियम हे सारे त्याच्याकडून वाचवून घ्यावे, आम्हीही घेतले. पण मागे चार माणसे उभी असताना कॉफीवाल्यापुढे फोन धरून उभे राहणे, आणि 'ब्वेनोस दीआस' म्हणून त्याच्याकडे बघून एक कॉफी मागणे, ह्यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात तुम्ही त्याचे एक काम होता, दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक होता.

आता मुख्य गोष्ट सांगतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला प्रवासापुरती भाषा कशी शिकायची हे कोणी शिकवायला नको. ती विद्या त्याच्या घरात आहेच. आपण ह्या शहरात बदलून आलो, तेव्हा व्याकरणाचे पुस्तक हाती धरून कोणी तेलुगू शिकले काय? भाजीवालीने शिकविली. 'एंत' म्हणजे किती, 'वद्दु' म्हणजे नको, एवढ्यावर पहिला महिना निघाला. 'चालु' ह्या शब्दाची गंमत तर आपल्यापैकी प्रत्येक घरात घडलेली असेल. तेलुगू पाहुणा पानावर आडवा हात धरून 'चालु, चालु' म्हणतो, म्हणजे पुरे, पुरे. आणि नव्याने आलेली मराठी गृहिणी, वाढणे चालू ठेवा असा त्याचा अर्थ घेऊन आणखी दोन डाव भात घालते! दुसऱ्या दिवसापासून तो शब्द ती जन्मात विसरत नाही. गुवाहाटीत असमिया, कोलकात्यात बंगाली, असेच सारे. ज्या घरातील बाईने तीन बदल्यांत तीन भाषा बाजारात उभे राहून आत्मसात केल्या, तिने चौथीला भिण्याचे कारण नाही.

तरीही परदेशी भाषा म्हटली की आपण एक विचित्र गोष्ट करतो. आपण ती इंग्रजीच्या दारातून आत घेतो. इंग्रजीत छापलेले संभाषणाचे पुस्तक आणायचे, त्यातील स्पॅनिश शब्द इंग्रजी स्पेलिंगसारखे वाचायचे, त्याचा अर्थ इंग्रजीत समजून घ्यायचा आणि मग तो मराठीत आणायचा. नागपूरहून अमरावतीला जायचे आणि वाटेत कोलकात्याला गाडी बदलायची, असा हा प्रकार आहे. वस्तुतः स्पॅनिश आणि मराठी ह्यांच्यामध्ये इंग्रजीने मध्यस्थी करावी अशी परिस्थितीच नाही.

उच्चारांचेच पाहा. इंग्रजीमुळे आपण 'टोलेडो', 'डॉन क्विक्झोट' असे म्हणतो. ते शहर तोलेदो आहे आणि तो सरदार दोन कीखोते आहे. स्पॅनिशमध्ये आपले ट, ठ, ड, ढ मुळीच नाहीत; तेथला त आणि द हा आपल्या ताटातला आणि दारातला त-द आहे. इंग्रज माणसाला हा दंत्य त साधायला घाम फुटतो, आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. आणि आपण मात्र तो बाजूला ठेवून इंग्रजाचा ट उचलतो. स्वर तर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. ते कोठेही आकुंचन पावत नाहीत, अक्षर दिसेल तसा उच्चार होतो. च हा एकच, चहातला, चमच्यातला नाही. र दोन आहेत, एक साधा आणि एक घोळवलेला. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. ज्यांच्या भाषेत दारे कर्रकन वाजतात आणि चक्क्या घर्रघर्र फिरतात, त्यांना हा दुसरा र अवघड वाटू नये.

नव्याने शिकण्यासारखे थोडेच आहे. इंग्रजी जे हे अक्षर तेथे घशातून काढलेल्या ख सारखे वाचतात, उर्दू जाणणारा माणूस 'खबर' म्हणताना काढतो तसे. एच हे अक्षर लिहितात पण उच्चारीत नाहीत. म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला', आणि हॉटेल म्हणजे 'ओतेल'. दोन एल जोडून आले की बहुधा य. बी आणि व्ही ह्या दोघांचा उच्चार एकच, ब च्या जवळचा. सी आणि झेड ह्यांच्याबाबत मात्र प्रदेशभेद आहे. माद्रिदकडे आभाराचा शब्द उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या मध्ये येते. दक्षिणेत आंदालुसिआ प्रांतात बऱ्याच ठिकाणी आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे सरळ 'ग्रासिआस' म्हणतात. आम्ही सरळ स चाच उच्चार धरला, आणि माद्रिदमध्येही त्यावाचून काही अडले नाही. आघाताकडे मात्र लक्ष ठेवावे. शब्दाच्या अखेरीस स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, एरवी शेवटच्यावर. ह्याला अपवाद असेल तेथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देऊन तसे दाखवितात. 'पापा' ह्या शब्दात पहिल्या पा वर जोर दिला तर दक्षिणेत त्याचा अर्थ बटाटा होतो, दुसऱ्या पा वर दिला तर वडील.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की वही देवनागरीत करावी. आमच्या घरी ती पत्नीने केली. डाव्या बाजूस मराठी वाक्य, उजव्या बाजूस देवनागरीत स्पॅनिश, जोराच्या अक्षराखाली रेघ. इंग्रजीला त्या वहीत प्रवेश नव्हता.

वाक्यरचनेत तर नात्यातले माणूस भेटावे तसे वाटते. इंग्रज म्हणतो, मी आंबा आवडतो. म्हणजे त्याच्या वाक्यात आवडण्याचे काम कर्ता करतो. मराठीत 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. स्पॅनिशमध्ये नेमके हेच आहे : 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मे' म्हणजे मला. ज्या धड्यावर इंग्रजी भाषिक विद्यार्थी आठवडाभर अडतात, तो माझ्या पत्नीने भांडी आवरता आवरता संपविला. क्रियापदावरून कर्ता कळत असल्यामुळे 'मी' म्हणायची गरज नाही, आपण 'आलो', 'जातो' म्हणतो तसेच. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो हेही आपल्या अंगवळणी पडलेले : पुरुष 'एस्तोय कान्सादो' म्हणजे दमलो म्हणतो, तर स्त्री 'एस्तोय कान्सादा' म्हणजे दमले. ह्या 'कान्सादो'मधला न् गळला की 'कासादो' उरतो आणि त्याचा अर्थ 'विवाहित' होतो. दोन्ही अर्थ फारसे दूर नाहीत, असे आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत पडले.

आदरार्थी संबोधनाचीही तीच कथा. 'तू' हा तेथेही 'तू'च आहे. उच्चारातही फरक नाही. आदराने बोलायचे तर 'उस्तेद'. हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' ह्या जुन्या संबोधनापासून झाला, त्याचा अर्थ 'आपली कृपा' असा होता; आणि म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. आपल्या जुन्या पत्रांत 'स्वामींनी आज्ञा करावी' असे लिहीत, समोरच्याशी बोलताना त्याच्याबद्दल बोलल्यासारखे, त्याच वळणाची ही रीत आहे. आपण वयस्क माणसांशी 'उस्तेद'च वापरावे. मात्र स्पेनमध्ये आजकाल दुकानातला पोरगेलासा विक्रेताही आपल्याला सर्रास 'तू' म्हणतो. त्यात अपमान नाही. प्रथम श्रेणी अधिकाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

'कृपया' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. तो सूचनाफलकावर असतो. आपण 'देता का?', 'जरा दाखवा ना' असे म्हणतो आणि विनंती स्वरात उतरते. स्पेनमधील कॉफीच्या दुकानातही 'मे पोने उन काफे?' असाच प्रश्न करतात, म्हणजे 'मला एक कॉफी देता का?' 'पोर फाबोर' जोडले तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुकानात पाऊल टाकताच आधी 'ब्वेनोस दीआस' म्हणणे. दुपारच्या जेवणानंतर 'ब्वेनास तार्देस', रात्री 'ब्वेनास नोचेस'. अभिवादन न करता एकदम भाव विचारणे तेथे उर्मट समजले जाते. अगदी चारच शब्द शिकायचे असतील तर मी हे अभिवादन, आभार, क्षमा मागण्याचा 'पेर्दोन' आणि हिशेब मागण्याचा 'ला क्वेन्ता' एवढेच शिकवीन.

शब्दांच्या बाबतीतही आपली झोळी रिकामी नाही. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचा सहवास कोकण-गोव्याला काही शतके घडला. त्यातून मराठीत उतरलेला, सरकारी नोकराच्या जिव्हाळ्याचा शब्द म्हणजे 'पगार'. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपल्याकडे पगार घेतात, तिकडे तो द्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवले की झाले. बिजागरी तिकडे 'बिसाग्रा', बादली 'बाल्दे', पाव 'पान'. ह्या शेवटच्या शब्दाने मात्र फसू नये : जेवणाच्या मेजावर 'पान' मागितले तर विडा येणार नाही, पाव येईल. तसेच 'साल' म्हणजे मीठ, 'कामा' म्हणजे बिछाना. बटाट्याला 'पाताता' म्हणावे. 'बाताता' म्हटले तर रताळे समजतील.

दुसरा ओघ अरबीचा आहे. इ. स. ७११ पासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत त्या देशाच्या कमीअधिक भागावर मुसलमानी राजवटी होत्या, आणि त्यांच्याबरोबर पूर्वेकडच्या वस्तू आपापली नावे घेऊन तिकडे गेल्या. आपली शर्करा फारसी-अरबीतून जाऊन तिकडे 'आसूकार' झाली. नारिंग 'नारान्खा' झाले. चतुरंग 'आखेद्रेस' होऊन पटावर बसला. वांग्याचे 'बेरेन्खेना' झाले, आणि त्या नावाचे मूळही भारतातलेच मानतात. कोर्दोबात ह्याच बेरेन्खेनाचे तळलेले काप ऊसाच्या पाकाबरोबर देतात. पाक म्हणजे अगदी आपली काकवी. पत्नीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, 'मीठ थोडे कमी आहे, बाकी आपलेच.' सरकारी शब्दांतही ओळखी निघतात. जकात कचेरीला 'आदुआना' म्हणतात, तो आपला दिवाण. 'आल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष, तो काझीपासून आला. वजिराचे मात्र तिकडे अधःपतन झाले : 'आल्ग्वासील' म्हणजे न्यायालयाचा बेलिफ. आणि अमक्यातमक्या माणसाला आपण फलाणा म्हणतो, ते तिकडे 'फुलानो' म्हणतात.

मात्र इंग्रजीच्या वळणाने गेलात तर काय होते तेही सांगतो. संकोच वाटतो हे सांगण्यासाठी इंग्रजी शब्दाशी जुळता 'एम्बारासादा' हा शब्द एखाद्या बाईने वापरला, तर ती गर्भवती असल्याचे सांगते. 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. पोटाशी त्याचा संबंध नाही. 'एक्सितो' म्हणजे यश. बाहेर पडायचा रस्ता हवा असेल तर 'सालीदा' लिहिलेली पाटी शोधावी.

आता शाकाहारी मंडळींसाठी थोडे सविस्तर बोलतो, कारण येथे खरी अडचण आहे. 'सोय बेखेतारिआनो', स्त्रीने 'बेखेतारिआना', एवढे म्हटले की काम संपले असे समजू नये. 'कार्ने' म्हणजे मांस. पण पुष्कळ स्वयंपाक्यांच्या मनात 'कार्ने' म्हणजे मांसाचा चांगला तुकडा. मसूरडाळीच्या आमटीत टाकलेल्या सॉसेजच्या चकत्या किंवा भाजीवर भुरभुरलेले डुकराच्या मांसाचे कण त्यात मोजले जातीलच असे नाही. म्हणून एकेकाचे नाव घेऊन नाही म्हणावे लागते : 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, डुकराचे खारवलेले मांस, कोंबडी, मासे ह्यांवाचून. अंडे चालत नसेल तर 'सिन वेबो'. 'सान्दविच बेखेताल' ह्या नावावर विश्वासू नये. त्यात भाज्या असतात एवढाच त्याचा अर्थ, बरोबर बहुधा ट्यूना मासा आणि अंडेही असते. स्पेनमधील 'तोर्तिया' म्हणजे अंड्यात घातलेला बटाटा; मक्याची पोळी ती मेक्सिकोची. 'काल्दो' म्हणजे रस्सा, तो बहुधा मांसाचा किंवा माशांचा. 'मान्तेका' ह्या शब्दावर तर लाल शाईने खूण करावी. स्पेनमध्ये ती डुकराची चरबी, आणि नाताळातील कित्येक कोरड्या, भुगभुगीत मिठाया तिच्यातच करतात. लोण्याला 'मान्तेकीया' म्हणतात. पदार्थाकडे बोट दाखवून 'येबा खामोन?' म्हणजे 'ह्यात खामोन आहे का?' असे विचारणे सर्वांत सुरक्षित.

उपाशी मात्र कोणी राहणार नाही. सेबिया शहरात पालक आणि काबुली चण्यांची भाजी मिळते, टोमॅटो चोळलेला पाव मिळतो, गास्पाचो नावाचे थंड सार मिळते. त्याचाच घट्ट भाऊ साल्मोरेखो. त्यावर अंडे आणि खामोन पेरलेले असते, तेवढे आधीच नको म्हणावे. पाणी मागताना 'आग्वा देल ग्रीफो' म्हणजे नळाचे पाणी म्हणावे. २०२२ च्या कायद्याने उपाहारगृहांनी ते फुकट देणे बंधनकारक केले आहे. दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊनंतर. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर संध्याकाळी सहाच्या सुमारास पोटाला आधार लागतो, त्याची सोय पिशवीत ठेवावी. लाडू-चिवडा ह्यांना भाषा लागत नाही.

संभाषणाच्या पुस्तकांचा एक मोठा दोष असा की ती प्रश्न शिकवितात, उत्तर शिकवीत नाहीत. तुम्ही घोकलेले वाक्य ऐटीत म्हणता, समोरचा माणूस तुम्हाला भाषा येते असे समजून भरभर बोलू लागतो, आणि मग तुमची अवस्था पुराच्या पाण्यात उतरल्यासारखी होते. म्हणून आम्ही एक रीत ठरविली. प्रत्येक प्रश्नाखाली दुकानदार काय म्हणू शकेल ती दोन-तीन उत्तरे लिहायची, आणि रोज रात्री एकाने दुकानदार व्हायचे. कॉफी मागितली की तो 'आल्गो मास?' म्हणणार, म्हणजे आणखी काही? 'पारा येबार?' म्हणजे बांधून द्यायचे काय? 'कोन तार्खेता?' म्हणजे कार्डाने देणार काय? ही तीन वाक्ये कानांना ओळखीची झाली की अर्धी लढाई जिंकली. समजले नाही तर 'नो एन्त्येन्दो' आणि 'मास देस्पासिओ', म्हणजे अधिक सावकाश. आंदालुसिआत शब्दाच्या शेवटचा स गिळतात, म्हणून 'लोस दोस' तिथे 'लो दो' असे ऐकू येते. हे आधी ठाऊक असले की माणूस बावरत नाही.

रस्ता विचारताना 'दोन्दे एस्ता' आणि पुढे ठिकाणाचे नाव. उत्तरात 'इस्क्येर्दा' म्हणजे डावीकडे, 'देरेचा' म्हणजे उजवीकडे, आणि 'देरेचो' म्हणजे सरळ! एका स्वराने माणूस दुसऱ्या मोहल्ल्यात जातो, तेव्हा हाताच्या खुणेकडेही पाहावे. आकड्यांत 'सेसेन्ता' साठ आणि 'सेतेन्ता' सत्तर ह्यांची गल्लत फार होते. बिल लिहून मागावे. एरवी तिसाच्या पुढचे आकडे 'तीस आणि एक', 'तीस आणि दोन' असे सरळ जातात. ज्यांनी लहानपणी एकोणसाठ, एकोणसत्तर पाठ करताना छड्या खाल्ल्या, त्यांना ते खेळासारखे वाटतील. आपण कोठून आलो हे सांगताना 'सोय दे ला इन्दिआ' म्हणावे. 'इन्दिओ' हा शब्द टाळावा. कोलंबसाच्या १४९२ च्या घोटाळ्यामुळे तो अमेरिकेतील मूळ रहिवाशांना चिकटला, आणि तिकडे तो अवहेलनेनेही वापरतात.

ह्या साऱ्याचा कस आमच्या प्रवासात एका रात्री लागला. कोर्दोबात साडेअकराच्या सुमारास पत्नीचा कान असह्य ठणकू लागला. उतरलो होतो त्या लहानशा घरात रात्री कोणीही नव्हते. त्या देशात औषधांची दुकाने रात्री पाळीपाळीने उघडी असतात. त्यांना 'फार्मासिआ दे ग्वार्दिआ' म्हणतात, आणि त्या रात्री पाळी कोणाची ते बंद दुकानाच्या दारावर लावलेले असते. एका बंद दारावरचा पत्ता वाचून आम्ही तेथे पोहोचलो. खिडकीपलीकडे एक प्रौढ बाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मी खिशातून फोन काढीपर्यंत पत्नी पुढे झाली आणि म्हणाली, 'ब्वेनास नोचेस. मे दुएले एल ओईदो. मुचो.' कान दुखतो आहे, फार. बाईंनी विचारले, 'देस्दे क्वान्दो?' केव्हापासून? हे उत्तर-प्रश्नांच्या पानावर होते. तिने दोन बोटे दाखवून 'दोस ओरास' सांगितले. ताप? 'नो.' औषधाची ॲलर्जी? तिने पेनिसिलिनचे नाव घेतले. बाईंनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, किती वेळाने घ्यायच्या ते खोक्यावर आकड्यांत लिहिले, प्रतिजैविक चिठ्ठीशिवाय देता येत नाही हे सावकाश समजावून सांगितले, आणि सकाळी कोणत्या आरोग्यकेंद्रात जायचे त्याचा पत्ता कागदावर उतरून दिला. दोघी एकमेकींशी बोलत होत्या. मी मागे उभा होतो.

माझी पत्नी तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकली. इंग्रजी तिला समजते. परंतु एकतीस वर्षांच्या माझ्या नोकरीत, अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांत, तिला चार वाक्यांहून अधिक बोलताना मी पाहिलेले नाही. चुकेल, कोणी हसेल, ह्या धास्तीने ती पाण्याचा पेला हाती धरून एका बाजूस बसते. आपल्या मंडळातील कित्येक भगिनींना हा अनुभव परका नसावा. स्पॅनिशमध्ये ती धास्ती नव्हती, कारण ती भाषा तिथे आम्हा दोघांनाही सारखीच नवी होती, आणि कोणत्या शाळेत शिकलात हे विचारणारे तेथे कोणी नव्हते. त्या रात्रीनंतर बसचे तिकीट, फळे, रस्ता, सारे तीच विचारू लागली. ग्रानादाच्या बाजारात एका म्हाताऱ्या फळवाल्याशी तिने संत्र्यांच्या भावावरून घासाघीसही करून पाहिली. भाव काही कमी झाला नाही, पण त्याने एक संत्रे वरती टाकले.

संकटकाळची वाक्ये मात्र प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, स्वतंत्रपणे पाठ करावीत. एकाला येतात म्हणून दुसऱ्याने निर्धास्त राहू नये. 'आयुदा' म्हणजे मदत. 'मे दुएले आकी' म्हणजे येथे दुखते. मधुमेह असेल तर 'सोय दिआबेतिको', स्त्रीने 'दिआबेतिका'. सगळ्या सेवांचा दूरध्वनी क्रमांक ११२. पाकीट मारले गेले तर 'मे आन रोबादो' म्हणावे आणि पोलीस ठाण्यात जाऊन 'देनुन्सिआ' म्हणजे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. पारपत्र हरविले असेल तर माद्रिदच्या आपल्या वकिलातीत आणि परतल्यावर विमा कंपनीत तोच कागद मागतात. हे सांगताना मी सरकारी माणसासारखा बोलतो आहे, पण कागदाची किंमत कागद नसतानाच कळते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपण परप्रांतात राहणाऱ्यांना चटकन पटेल. स्पेन हा एकभाषी देश नाही. १९७८ च्या राज्यघटनेने आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो ती कास्तेयानो सर्व देशाची राजभाषा केली, आणि त्याबरोबर काही प्रदेशांत त्यांच्या स्वतःच्या भाषांनाही तोच दर्जा मिळाला. बार्सेलोनात कातालान बोलतात, बिल्बावकडे बास्क, वायव्येस गालिसियन. स्पॅनिश तेथे सर्वांना येते, काम अडत नाही. परंतु बार्सेलोनात 'बोन दिआ' आणि 'ग्रासिएस', बिल्बावमध्ये 'एस्केरिक आस्को' एवढे म्हटले की माणसाची मुद्रा बदलते. आपण येथे भाजीवालीशी हिंदीतच बोललो असतो तरी भाजी मिळाली असती.

शिकवणी लावायची असेल तर हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात स्पॅनिश शिकवितात, आणि स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्बान्तेस ह्या संस्थेचे केंद्र दिल्लीत २००९ पासून आहे. प्रवासापुरते शिकणाऱ्याला इतके लागत नाही. चाळीस वाक्ये, त्यांची उत्तरे, शंभरपर्यंत आकडे आणि घरात एक जोडीदार एवढे पुरते. कालावधी तीन महिन्यांचा धरावा, कारण शेवटच्या आठवड्यात घोकलेले विमानातच सांडते.

आमच्या वहीची प्रत ग्रंथपालांकडे दिली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी नोंद करून न्यावी. मात्र शाकाहाराच्या पानावर हळदीचा डाग पडलेला आहे, तेथील 'मान्तेका' आणि 'मान्तेकीया' ही दोन नावे नीट वाचून घ्यावीत. उच्चारांची शंका असेल तर दर शनिवारी भगिनी मंडळाच्या बैठकीनंतर माझी पत्नी अर्धा तास थांबते. शिकवणारी ती आहे, मी नाही, हे अध्यक्ष महाशयांनी कृपया निमंत्रणपत्रिकेत दुरुस्त करून घ्यावे.